एका हाताची पेटी

॥ श्री ग्रामदेवता प्रसन्न ॥
टेंबवाडी, ता. मालवण
दि. ३ जून २०२४

चि. चारुतास भाईकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी धड काही बोललो नाही, याचं कारण अक्का. मी फोन कानाला लावला की ती शेजारी येऊन बसते आणि माझी वाक्यं माझ्या आधी पूर्ण करते. आजारपणानंतर भावाला शब्द सुचत नाहीत असा तिचा समज आहे. मला शब्द सुचतात, तिला दम निघत नाही. म्हणून हे पत्र. उजवा हात अजून माझं ऐकतो.

डावा ऐकत नाही. माघात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो रुसलेल्या जावयासारखा मांडीवर बसून आहे. डॉक्टर म्हणतात, सुधारेल. कधी, ते सांगत नाहीत. आता तूच बघ, पेटी वाजवायची तर उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर लागतो. भाता हलला नाही तर पेटी आणि पाटीत फरक नाही.

श्रावणात देवळात सप्ताह बसेल. तू पुण्यात वाढलीस म्हणून सांगतो. सप्ताहात भजन अखंड चालतं. एका वाडीचा प्रहर संपला की दुसरी वाडी तिथूनच उचलते, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. टेंबवाडीच्या प्रहराला पेटीवर मी बसतो, आधी माझे वडील बसत. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मला फारसं काही वाटलं नव्हतं. पेटीवरून उठवलं तर मात्र मी संपलो असं समज.

भजनी मंडळाने त्यावर सभा घेतली. ठराव असा, की यंदा पेटी मंडळातल्याच गुरुप्रसादने वाजवावी आणि माझा मान राखून मला झांज द्यावी. झांजेला दोन हात लागतात हे ठराव लिहिणाऱ्याला सुचलं नाही, अनुमोदन देणाऱ्यालाही नाही. मी ते दाखवून दिल्यावर दुरुस्ती आली, की भाता आपल्या सर्वेशने मारावा आणि सुरांवर मी बसावं. सर्वेशचा देवबागला पर्यटकांना बोटीवर फिरवायचा धंदा. त्याने भाता असा मारला, की मला वाटलं रबरी होडीत हवा भरतोय. सूर फुगत गेले आणि अभंग वाहून गेला, त्याबरोबर दुरुस्तीही; मूळ ठराव तेवढा उरला.

तू घरी बसून जाहिरातींचं संगीत करतेस, त्या तुझ्या छोट्या पेटीला भाताच नसतो असं सर्वेश म्हणाला. हे खरं असेल तर माझ्यासाठी एक बघ. कोणती घ्यावी यातलं मला काही कळत नाही, पण ती एका हाताने वाजली पाहिजे.

लोभ आहेच, तो उत्तर लवकर धाडून दाखवावा.
तुझा भाईकाका

पुणे
दि. १२ जून २०२४

ती. भाईकाकांस चारुताचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सर्वेशदादा म्हणाला ते खरं आहे. या वस्तूला मिडी कीबोर्ड म्हणतात आणि तिला भाता नसतो. पण एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे खोकं उघडल्यावर फसवणूक वाटायला नको. ती स्वतः वाजत नाही. तुम्ही पट्टी दाबली की ती वायरीतून लॅपटॉपला कळवते, आणि आवाज लॅपटॉप काढतो. म्हणजे तुमच्या मंडळाच्या सेक्रेटरीसारखी, स्वतः काही करत नाही, फक्त कळवते.

आता निवड. माझ्याकडे आहे ती पंचवीस पट्ट्यांची, दोनच सप्तकं. त्याच्या वर किंवा खाली जायचं तर डाव्या टोकाला बटण असतं आणि ते डाव्या हाताने दाबायचं असतं. म्हणजे ती बाद. काहींच्या पट्ट्या इतक्या बारीक असतात, की तुमच्या अंगठ्याखाली सा आणि रे एकत्र नांदतील. एकोणपन्नास पट्ट्यांची घेतली तर मंडपातल्या दाटीत तिची दोन टोकं शेजाऱ्यांच्या मांडीवर जातील. माझ्या मते सदतीस पट्ट्यांची, पूर्ण रुंदीची घ्यावी. तुमच्या पेटीएवढीच होते आणि सवयीची बोटं चुकत नाहीत. जोरात दाबलं की मोठा आवाज आणि हळू दाबलं की बारीक, ही सोय मी बंद करून देईन, कारण पेटी तशी वाजत नाही.

आणखी एक बटण असतं. त्याने बोटं तुमच्या नेहमीच्या उंच काळी चारवर ठेवून आवाज खालच्या पट्टीत काढता येतो. या वयात गळ्याला बरं पडतं. मी कुणाला सांगणार नाही.

अक्काआत्याला नमस्कार. तिने हे पत्र तुमच्या आधी वाचलं असेल तर दोनदा नमस्कार.

माया आहे तशी ठेवावी, वाढली तर तक्रार नाही.
आपली, चारुता

टेंबवाडी
दि. २३ जून २०२४

चि. चारुतास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र अक्काने आधी वाचलं. दोन्ही नमस्कार पोचले.

काळी चारबद्दल तू जे लिहिलंस ते मी वाचलंच नाही असं धरून चालतो. सदतीस पट्ट्या मला मान्य आहेत, पण या घरात एकट्याला काही मान्य असून भागत नाही. अक्काचं म्हणणं, “घेवचीच आसा तर मोठी घे, अर्धी कित्याक?” लांबीवरून वस्तूची किंमत ठरते हे तिचं मत जुनं आहे. साड्याही ती तशाच घेते. सर्वेशला ज्या पेटीवर रंगीत चौकोन लुकलुकतात ती हवी, कारण मग पर्यटक व्हिडिओ काढतील. सप्ताह कशासाठी बसतो हे त्याला विचारायचं मी टाळलं. शेजारची तन्वी म्हणाली की तिच्या मोबाईलमध्ये अख्खी पेटी फुकट मिळते, आणि ती तिने सर्वांना वाजवून दाखवली. घरात मुलीसाठी स्थळ बघताना झाली नसेल एवढी चर्चा या पेटीवर झाली. शेवटी मी सांगितलं, की जिला बघायचं तिने बघून दिलंय, आता कुणी नाक खुपसू नये. तू सदतिसाचीच धाड.

लोभाचं तुला माहीत आहे, पुन्हा पुन्हा काय लिहू.
तुझा भाईकाका

टेंबवाडी
दि. २५ जुलै २०२४

चि. चारुतास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पेटी, तुझा जुना लॅपटॉप आणि स्पीकर, सगळं सुखरूप मिळालं. त्याला आता तीन आठवडे होतील. मी रोज सकाळी वायर जोडतो आणि बसतो. पहिल्या दिवशी सा लावला, तो तसाच उभा राहिला, आणि भात्यासाठी कुणाचं तोंड बघावं लागलं नाही. चारुता, मला किती बरं वाटलं ते मी लिहू शकत नाही. काळी चारचं ते बटण मी वापरत नाही. एकदा दाबून पाहिलं, केवळ यंत्राची माहिती असावी म्हणून.

पण पुढचं ऐक. गावच्या मानकऱ्यांनी शंका काढली, की बिनभात्याचं वाद्य देवापुढे चालतं का. शंका आली की आपल्याकडे देवालाच विचारतात, कौल लावतात. गुरव देवाला ओल्या पाकळ्या लावतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही सगळे सभामंडपात जमलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ही जी काय विजेची पेटी सप्त्याक इली हा, तिची सेवा रुजू करून घेवची असात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!” आम्ही सगळे “व्हय म्हाराजा!” म्हणून ओरडलो. त्यात माझा आवाज सर्वांत मोठा. पाकळी उजवी पडली. अक्काने तिथेच साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी गुरुप्रसाद घरी आला. चहा प्यायला, पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “भाईनू, देवान पेटयेक हुकूम दिल्यान. तुमका खंय दिल्यान?”

मी मानकऱ्यांकडे गेलो. त्यांनी विचार केला आणि गुरुप्रसादचं खरं ठरलं. गाऱ्हाण्यात पेटीचं नाव होतं, वाजवणाऱ्याचं नव्हतं. वाजवणाऱ्याबद्दल मंडळाचा ठराव आधीपासून आहेच. म्हणजे पेटी सप्ताहात जाईल आणि मी घरी. पुन्हा कौल लावा म्हटलं, तर म्हणाले, एकदा कौल मिळाला की सप्ताह उठेपर्यंत देवाला दुसऱ्यांदा त्रास द्यायचा नाही. अर्ज अपुरा असेल तर पुन्हा भरता येतो, पण देवाकडे तशी खिडकी नाही.

मला फार वाईट वाटलं. तुला म्हणून लिहितो, घरात हसतो आहे.

तुझ्या मायेला काही कौल लागत नाही, तेवढी तरी असू दे.
तुझा भाईकाका

पुणे
दि. ३१ जुलै २०२४

ती. भाईकाकांस सा. न. वि. वि.

मला इतका राग आलाय की नमस्कार कसाबसा लिहिला. पेटी तुमची आहे. ती देऊ नका. लॅपटॉपचा पासवर्ड सांगू नका. गुरुप्रसादकाकांना त्यांची भात्याची पेटी आहे आणि त्यांचे दोन्ही हात शाबूत आहेत, मग ही कशाला हवी? की नवी म्हणून?

आणि खरंच द्यायची असेल तरी तुम्ही घरी बसू नका. मंडपात जाऊन बसा. ऐकायला कुणाचा ठराव लागत नाही.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
चारुता

टेंबवाडी
दि. २० ऑगस्ट २०२४

चि. चारुतास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पेटी दिली. देवाने तिची सेवा मागितली असताना मी अडवली असती, तर पुढे गावात कुणाची म्हैस आटली तरी बोट माझ्याकडे आलं असतं. पासवर्डही दिला. पण तुझं दुसरं ऐकलं. मंडपात जाऊन झांजवाल्यांच्या रांगेत, झांजेशिवाय बसलो.

आपल्या वाडीचा प्रहर दुपारचा होता. गुरुप्रसाद पेटीपुढे बसला, मांडी ठोकून, नवरदेवासारखा. वाजवत चांगला होता, ते नाकारत नाही. तिसरा अभंग चढला, गजर सुरू झाला, मृदंगवाला पेटला. रंगात आलेला पेटीवाला काय करतो? भाता जोरात मारतो. गुरुप्रसादचा डावा हात आयुष्यभराच्या सवयीने मागे गेला. तिथे भाता नव्हता, तुझी वायर होती. त्याने ती हिसका देऊन उपटली.

सूर गेला. झांजा चालू, मृदंग चालू, गळे चालू, पण बघता बघता प्रत्येक गळ्याने आपापली पट्टी धरली. गुरुप्रसाद दोन्ही हातांनी सगळ्या पट्ट्या दाबत होता. सर्वेश लांबून ओरडत होता, “बंद करून परत चालू कर!” मानकऱ्यांचे चेहरे पांढरे पडले, कारण असं आणखी थोडं चाललं असतं तर भजन मोडलं असतं.

मी पुढे सरकलो आणि वायर लावली. एका हाताने ती कशी लावायची हे त्या मंडपात फक्त मला ठाऊक होतं. सूर आला का बघायला बोट टेकलं. आला. आणि मग बोट थांबेना.

गुरुप्रसाद “उठा” म्हणायला तोंड उघडणार, तोच मानकऱ्यांनी त्याला हाताने दाबून गप्प केलं. चालू भजनात पेटीवाल्याला उठवलं तर खंड पडतो. मला बसायचा हुकूम नव्हता हे खरं, पण हुकूम विचारायला भजन थांबवावं लागलं असतं, आणि ते तर थांबवता येत नाही. ज्या नियमांनी मला उठवलं त्याच नियमांनी मला बसवून ठेवलं, आणि मानकऱ्यांचं समाधान झालं की काहीच मोडलं नाही. गुरुप्रसादला कुणीतरी झांज दिली. त्याने ती घेतली आणि अशी वाजवली, की मला त्याच्याबद्दलचा राग धरून ठेवणं कठीण गेलं.

प्रहर संपला. पुढच्या वाडीच्या पेटीवाल्याने माझ्या सुरात सूर मिळवला, मग मी बोट उचललं. लोक पाया पडले, पुढच्या वर्षाचं बोलले, मला ते नीट ऐकूही आलं नाही. घरी चालत येताना एवढंच कळलं, की अख्ख्या प्रहरात माझा डावा हात कुणालाच आठवला नाही. मलासुद्धा नाही.

तुझ्यावर जीव आहे, हे या खेपेला सरळच लिहितो.
तुझा भाईकाका