गाडीखालचे काका

अण्णा, मी बोट घेतली. हसाल तुम्ही. विहिरीत उतरायचं तर कमरेला दोर बांधून घेणारा मी, आणि आता पन्नाशीला आल्यावर बोट! इथे अमेरिकेत, आमच्या प्लेनोला समुद्र नाही, पण तासाभराच्या अंतरावर मोठाले तलाव आहेत आणि तुमच्या नातीला पाण्याचं वेड आहे. शेजारचे म्हातारे गृहस्थ घर बदलत होते, त्यांची बोट घेतली. ट्रेलरसकट अडीच टनांच्या घरात जाते. माझ्या ऑफिसच्या गाडीला ती जोडणं म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं. म्हणून दोन महिने मी वापरलेली, मोठ्यातली मोठी एसयूव्ही शोधत हिंडतोय. दर शनिवारी कुणाच्या तरी ड्राइव्हवेवर उताणा झोपतो, गाडीखाली सरकतो, आणि दर वेळी तोच एक शनिवार आठवतो. गाडीचं निमित्त आहे. लिहायचंय ते त्या शनिवारबद्दल, ज्या दिवशी मी तुम्हाला काका म्हणालो.

तुम्ही असता तर आधी मला शहाणपणा शिकवला असता. मी इंजिन किती ताकदीचं, किती वजन ओढेल, याचे आकडे पाठ करून बसलो होतो. तुम्ही ते ऐकूनही घेतले नसते. ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या जीपा तुमच्या गॅरेजात यायच्या, तेव्हा तुम्ही मालकाला म्हणायचात, “ओढायला काय, कुठलीबी ओढंल. थांबंल का ते बघा आधी.” मग ब्रेक, मग मागच्या स्प्रिंगा, आणि सगळ्यात शेवटी तुमची ती खास तपासणी. ओढ्यातून, नदीतून गेलेल्या जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, त्याचा नट तुम्ही उघडायचात, आत करंगळी घालायचात आणि बाहेर काढून उन्हात धरायचात. तेल काळं-तपकिरी असलं तर ठीक. दुधाळ असलं तर आत पाणी शिरलेलं, म्हणजे आतले दाते आज ना उद्या जाणार. सुट्टीत मी तिथे बसून असायचो. एकदा मी चुकीच्या मापाचा पाना लावून त्या नटाचे कोपरे झिजवले, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीत असा रट्टा घातला होता की मी रडायचंही विसरलो. संध्याकाळी आईनं विचारलं तर म्हणालात, “हाताला माप कळंना त्याच्या.” मला वाटतं, त्याच दिवशी मी ठरवलं, की आपण गॅरेजात जायचं नाही.

तुम्ही इथे आलात तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. मी नवा-नवा मॅनेजर झालो होतो आणि इथल्या जुन्या मराठी मंडळींकडून नुकतं बोलावणं यायला लागलं होतं. त्यांतले एक डॉक्टर, चाळीस वर्षांपूर्वी आलेले, मोठं घर, तलावावर बोट, शनिवारी पाच-सहा कुटुंबं जेवायला. जेवणं झाली आणि डॉक्टर म्हणाले, आमची मोठी गाडी काढायची आहे, तुलाच देतो, घेऊन टाक. माझा जीव सुपाएवढा झाला. गाडीपेक्षा मला ‘तुलाच’ हा शब्द आवडला होता. सगळे पुरुष बडीशेप चघळत बाहेर आले, आणि मी हो म्हणणार, एवढ्यात तुम्ही दिसेनासे झालात. पाहतो तर तुमचे पाय गाडीखालून बाहेर आलेले. आईनं कडक इस्त्री करून दिलेला लेंगा, आणि टाचांना पडलेल्या भेगा. त्या भेगा मी आजही मोजून सांगू शकेन, कारण त्या वेळी मी दुसरीकडे कुठे बघूच शकत नव्हतो.

तुम्ही आतून हाक मारलीत, “पाना हाय का घरात?” डॉक्टरांनी गंमत म्हणून आणून दिला. थोड्या वेळानं तुम्ही बाहेर आलात, करंगळी वर धरलीत आणि म्हणालात, “डॉक्टर, दुधावाणी झालंय. बोट सोडताना मागची चाकं पाण्यात जातात न्हवं तुमची?” डॉक्टर मोठ्यानं हसले. “अहो, गाडी विकतोय मी, म्हैस नाही! दूध कुठून काढलंत?” सगळे हसले. मीही हसलो, अण्णा. आणि डॉक्टरांच्या पत्नीनं हसत हसत मला विचारलं, “हे कोण रे?” आत स्वयंपाकघरात माझ्या बायकोनं तुमची ओळख करून दिलीच असणार असं मला वाटलं होतं, पण ती बाळाला झोपवत होती. मी म्हणालो, “माझे काका. गावाकडे गॅरेजमध्ये असतात.”

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो. इथे सगळ्याच वडीलधाऱ्यांना काका म्हणतात, दुकानदारापासून भटजीपर्यंत. तोंडात बसलेला शब्द, निसटला. पण तसं असतं तर मी ‘काका’ म्हणालो असतो. मी ‘माझे काका’ म्हणालो. तुम्ही माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होतात, रुमालाला करंगळी पुसत होतात, आणि पुसायचे थांबलात. मग परत पुसायला लागलात.

येताना हायवेवर तुम्ही एवढंच म्हणालात, “रस्ते काय गुळगुळीत आहेत.” मी गाडी घेतली नाही, त्याचंही तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही ऐकलं नसेल. चोराच्या मनात चांदणं. मी तुमच्याकडे चोरून बघत होतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका घरी कुणीतरी तुम्हाला सरळ विचारलं, “तुम्ही ह्यांचे वडील का?” आणि तुम्ही घाईघाईनं म्हणालात, “न्हाय न्हाय, काका मी. चुलत.” ‘चुलत’ तुमच्या पदरचं. आणि म्हटल्यावर माझ्याकडे पाहिलंत. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नीट म्हणालो ना, एवढंच त्या बघण्यात होतं. तेव्हा मी ‘अहो, हे माझे वडील’ म्हणायला हवं होतं. चार शब्द. मी तुमच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

राहिलेले पाच आठवडे तुम्ही काकाच होतात. बायको घरी माझ्यावर उखडली, तर तुम्हीच तिला म्हणालात, “असू दे पोरी, हितं समदेच काका म्हणत्यात.” पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी पोचलो, डोकं भादरलं, दिवस केले. परत आलो तर डॉक्टरांच्या पत्नीचा फोन: “काका गेल्याचं कळलं, वाईट वाटलं रे.” मी त्यांचे आभार मानले.

आता कालचं सांगतो. नागपूरचा एक तरुण गाडी विकतोय, दूर दुसऱ्या राज्यात, चँडलरला नवी नोकरी लागलीय त्याला. गाडी बाहेरून आरशासारखी. मुलगी फोनचा टॉर्च धरून उभी होती. त्याला विचारून मी खाली सरकलो, नट उघडला, करंगळी घातली. दुधाळ. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. त्यानंही ती कुणाकडून तरी घेतलेली. “काका, मेकॅनिकनं पण नाही पकडलं हे! कुठे शिकलात यार?” मी जमिनीवरच बसलेलो होतो. मुलगी बघत होती. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं, अण्णा? ना डॉक्टर, ना मंडळी, समोर माझ्या निम्म्या वयाचा परका मुलगा. आणि मी म्हणालो, “माझे एक काका होते. गॅरेज होतं त्यांचं.”

गाडीत बसल्यावर मुलीनं विचारलं, “व्हिच काका, बाबा? आजोबांना ब्रदर नव्हता ना?” तिला मी एवढंच सांगून ठेवलंय की आजोबांचा ऑटोमोबाइलचा बिझनेस होता. मी म्हणालो, “लांबचे होते.” ती “ओके” म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मला तिच्या ओकेची भीती वाटली.

रात्रभर ठरवत होतो की सकाळी तिला सगळं सांगायचं. सकाळी ती पोहायला गेली आणि मी हे लिहायला बसलो. वही टेबलावर उघडीच आहे. ती दोनदा येऊन गेली, काय लिहितोयस म्हणाली, पानावर वाकून बघितलंही. मी वही झाकली नाही. तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. म्हणूनच मी हे इतकं खरं लिहू शकलो.