उडी मारायची जागा : वाळूचा ढीग

तीर्थस्वरूप ताई,

कंबर अजून वाकत नाही, तेव्हा बसल्या जागेवरूनच नमस्कार. वाकून केलाय असं धरून चाल. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? (परवा त्यांचा फोन आला होता, त्यात निम्मा वेळ खोकलाच बोलत होता.) त्यांच्याकडूनच कळलं, की तुझ्या गाडीचा डावा आरसा कुठल्याशा खांबाला लागून तुटला. वाईट वाटलं. तुला खरचटलं-बिरचटलं नाही ना? पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत, मीही बराचसा आहे. फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

माझं काम म्हणजे दिवसभर नुसतं उभं राहणं, असं तुझ्यासकट सगळ्यांना वाटतं. बरोबर आहे. पण नुसतं उभं राहायलाही अक्कल लागते गं. अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या. वरच्या टोकाला मी, वळणापलीकडे खालच्या टोकाला मावशी (कुणाचीच मावशी नाही, पण वॉकीटॉकीवर असं ओरडते की सगळे आपोआप भाचे होतात). माझ्या फलकावर ‘थांबा’ असेल तेव्हा तिच्या फलकावर ‘हळू’. एवढं साधं आहे, पण गाडीत बसलेल्या माणसाला ते कधीच पटत नाही. एक जण रोज काच खाली करून विचारतो, हे कधी संपणार? जसा काही रस्ता मी माझ्या हौसेनं खणलाय! दुसरा नुसतं घड्याळ दाखवतो. मीही त्याला माझं दाखवतो. बंद पडलंय, पण त्याला लांबून काय कळतंय.

आमचा मुकादम तसा सरळ माणूस, पण वहीवेडा. कामावर आलं की तो आधी एकच प्रश्न विचारतो : आज उडी कुठे मारणार? नियमच आहे तसा. उभं राहायची जागा नंतर ठरवायची, गाडी अंगावर आली तर उडी कुठे मारायची ती जागा आधी. आपण सांगायचं, तो वहीत लिहिणार, आपण सही करायची. गेल्या आठवड्यात सोमवारी आम्हाला या नव्या वळणावर हलवलं (हे तुला कळवायचं राहिलंच). मंगळवारी सकाळी मी मागे वळून बघितलं, वाळूचा मऊमऊ ढीग. म्हटलं लिहा, वाळू. इतकी चांगली जागा मला नोकरीत प्रथमच मिळाली होती. घरच्या गादीपेक्षा बरी.

आता माझी चूक सांगतो, कारण ती माझीच आहे. दर तासाला ती जागा पुन्हा बघायची असते. मी बघितली नाही. वाळू ही वापरायची वस्तू असते हे माझ्या लक्षातच आलं नाही, माझ्या लेखी ती वहीत नोंदवलेली होती. दहाच्या सुमाराला मिक्सरवाल्यांनी ढीग संपवला आणि तिथल्याच चरात काँक्रीट ओतलं. माझ्या पाठीमागे. मी फलक धरून पुढे बघत उभा, धुळीनं चष्मा भरलेला, तोंडाला फडकं, डोक्यावर हेल्मेट, सख्ख्या आईनं ओळखलं नसतं असा अवतार. खिशात फोन वाजत होता. कामावर फोन उचलायचा नाही, म्हणून वाजू दिला. अकराला पाच कमी असतील. तेवढ्यात एक गाडी आली. वेग तोच, समोर ‘थांबा’ असूनही तोच. चालवणारं माणूस फोन कानाला लावून, मान एका बाजूला कलती करून, रस्ता सोडून बाकी सगळीकडे बघत येतंय! गाडीचा आरसा माझ्या हातातल्या फलकावर फाडकन आदळला आणि मी उडी मारली. वहीत लिहिली होती तिथेच.

ताई, ओल्या काँक्रीटचा एक गुण आहे, ते माणसाला धरून ठेवतं. मांडीपर्यंत आत गेलो. चौघांनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा मी आलो, बूट आले नाहीत. टँकरच्या पाइपनं मला भांडं घासावं तसं धुतलं. कातडीची आग आग झाली, कंबर लचकली ती लचकलीच. आणि मला कसलं रडू आलं म्हणून सांगू! दुखण्याचं नव्हे. वाळू तिथेच असती तरी ती गाडी एक वीत आणखी आत आली असती, तर हे पत्र लिहायला मी नसतो, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पुढचं ऐक. गाडी थांबली नाही. मावशीनं तिथून एक गाडी सुसाट जाताना पाहिली, नंबर नाही. तुटलेला आरसा माझ्याबरोबरच काँक्रीटमध्ये पडला आणि बुटांच्या सोबतीला आतच राहिला. मुकादम म्हणतो, फलकाला पोचा आलाय तो तुझ्या पडण्यानं. शिवाय वहीत वाळू लिहिलंय आणि तू उडी काँक्रीटमध्ये मारलीस, म्हणजे ओतलेलं काम बिघडवलंस ते वेगळंच. त्यानं अहवालात लिहिलंय, विनाकारण जागा सोडली. येत्या शुक्रवारी दहाला मोठे इंजिनिअर येणार, तोवर मी कामावर यायचं नाही. त्यांनी त्यावर सही केली की माझं काम गेलं. बावन्नाव्या वर्षी, लचकलेल्या कमरेच्या माणसाला नुसतं उभं राहायला तरी दुसरं कोण ठेवणार? घरात अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो, बागेत बसून खातो. फार थकलोय गं.

भाऊजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, खोकला अंगावर काढू नका.

तुझा, सध्या अनवाणी,
धाकटा भाऊ

ता. क. — भाऊजींचे जुने बूट असतील तर हवे होते. एवढ्यासाठीच पत्र लिहिलं असं समज.

आणखी ता. क. — तसं समजू नकोस. मी न उचललेल्या फोनवर तू बोलून ठेवलेला निरोप संध्याकाळी ऐकला. मंगळवारचा, अकराला पाच कमी. ‘छोट्या, नीट उभा राहा रे बाबा, हल्ली लोक कशाही गाड्या चालवतात,’ एवढं आहे. मग फाडकन आवाज आहे. मग, ‘अगं बाई! कोण मेला हा मध्येच उभा?’ आणि फोन बंद.

शेवटचं. — हा निरोप मी कुणालाही ऐकवलेला नाही, मुकादमालाही नाही आणि भाऊजींनाही नाही. ऐकवणारही नाही. शुक्रवारी दहाला कामाच्या जागी ऑफिसात ये आणि जे झालं ते तुझ्या तोंडानं सांग. बसनं ये. भाऊजींना काय सांगायचं ते तू बघ, पण ताई, तो खांब मी होतो.