चौथं प्रकरण पूर्ण!

३ तारीख, सोमवार
हजारीने आज पुन्हा हजार शब्द लिहिले! (नाव मी ठेवलंय. रोज हजारच लिहितो मेला.) आमच्या पीएचडीवाल्यांच्या फेसबुक ग्रुपवर संध्याकाळी ज्याने त्याने आपला आकडा टाकायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या — त्याने म्हणे हुरूप येतो. माझा नुसता जळफळाट होतो. माझे आज अकरा शब्द. त्यातले चार शीर्षकाचे.

४, मंगळवार
'लेखन रखडलं तर काय करावं' यावर दिवसभर ग्रुपवर सल्ले दिले. सत्तावीस जणांना उपयोग झाला. मला सोडून.

७, शुक्रवार
गाईडसरांचा निरोप — चौथं प्रकरण वीस तारखेपर्यंत आलं नाही तर नोंदणी रद्द! पाच वर्षं लोकांच्या भिंतींवरची बुरशी खरवडली, चारशे डब्या भरल्या, कायमचा खोकला लावून घेतला. सगळं पाण्यात जाणार? खूप रडले. मग डब्यांचा फोटो टाकला — 'संशोधनाचं सौंदर्य'. दोनशे बदाम आले.

आई म्हणाली, "ते फोनमधले लोक डिग्री देणार आहेत का गं तुला?" आईला काय कळतंय! कळतंय, तोच तर त्रास आहे.

१२, बुधवार
हजारीचं पाचवं प्रकरण झालं. माझं डोकंच फिरलं. बसल्या बसल्या ग्रुपवर टाकलं — 'चौथं प्रकरण पूर्ण! आजच सरांकडे दिलं.' वर सरांचं नावही जोडलं. कसली अवदसा आठवली मला! प्रकरण आहे कुठे? एक पान. तेही तक्त्याचं.

हजारी लिहितो, "ताई, जिंकलंत!"

१३, गुरुवार
सरांनी पाहिलं. मेले!

१५, शनिवार
धास्तीने दोन दिवसांत अठराशे शब्द झाले — खरेखुरे! पण ग्रुपवर सांगायची सोय नाही. तिथे प्रकरण कधीच संपलंय.

१६, रविवार
उद्या सरांसमोर जाऊन कबूल करणार. नाक घासावं लागलं तरी चालेल. नोंदणी तेवढी वाचू दे.

१७, सोमवार
सरांची सकाळी सकाळी पोस्ट — 'माझ्या विद्यार्थिनीचं चौथं प्रकरण दोन दिवस बसून शब्द न् शब्द वाचलं. उत्कृष्ट!' तीनशे बदाम.

प्रकरण इथे, माझ्या टेबलावर. अर्धं. पहिल्या तिन्हींवरही त्यांनी 'उत्कृष्ट' असंच लिहून दिलं होतं.

म्हणजे पाच वर्षांत माझं एक पानही कुणी वाचलेलं नाही.