पितळी घोड्याची मान

कुहमो, फिनलंड, ४ ऑक्टोबर १९६२

चि. तौनोस ऐलाताईचे अनेक आशीर्वाद.

सुरी पोचली. मुठीच्या टोकावरचं तुझं पितळी घोड्याचं डोकं बघताना आमच्या शिकारी टोळीची कॉफी गार झाली. काल एल्क पडला, घोड्याएवढं थोराड हरीण, पण कातडं काढायला तुझ्या सुरीला कुणी हात लावू देईना. टोळीप्रमुख कालेर्वो म्हणाला, एवढी देखणी वस्तू रक्तात कशी बुडवायची? त्यानं ती झोपडीच्या भिंतीवर टांगली. एवढ्या बाप्यांत मी एकटी बाई, किती भांडू? वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

कौहावा, ९ ऑक्टोबर

ती. ऐलाताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. भिंतीवर टांगायला कॅलेंडर पाठवलं असतं की! एल्क सोलून सुरी परत आली, तरच भट्टीचे वस्ताद मला पात्यावर उमटवायला माझ्या नावाचा ठसा देणार. तोवर भट्टीवरचे सगळे मला खेळणीवाला म्हणतात. हात जोडतो, उतरव ती.

तुझा तौनो

कुहमो, १६ ऑक्टोबर

चि. तौनोस अनेक आशीर्वाद.

उतरवली. कालेर्वो अजून फुगून बसलाय. परवा दुसरा एल्क पडला, तो तुझ्याच सुरीनं सोलायला घेतला. पातं झकास, हाडाला लागूनही धार गेली नाही. पण मेल्या, तो घोडा! सुरी वळवली की त्याचे कान मनगटात रुततात. आयाळीच्या खाचांत चरबी भरली, मूठ निसटली आणि माझा डावा अंगठा चिरला. असा संताप आला, की फडकं बांधलं आणि हाडं कापायच्या करवतीनं घोड्याची मानच उडवली. मग मात्र अख्खा एल्क सोलला. सुरी सोबत पाठवतेय. शिव्या घालायच्या तर घाल, पण माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

कौहावा, २३ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अंगठा कसा आहे? बोलायची इच्छा नाही, तरी विचारतो. ती थोटी मूठ पाहून मी भट्टीमागे जाऊन रडलो. वस्तादांनी ती हातात फिरवली, धार नखावर पाहिली आणि माझ्या नावाचा ठसा पुढ्यात ठेवला. म्हणाले, आता अशाच, बिनघोड्याच्या कर. सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई, मी या धंद्यात आलो तो घोडे कोरायला. राग आहे, लोभही आहे. दोन्ही सांभाळून घे. आणि ते डोकं फेकलं नसशील, तर पाठवून दे.

तुझा तौनो