कविताची उजवी नळी

मंगळ. ४ फेब्रु. ९७, वाशी

ओव्याचा वास आला आणि सुलू आठवली. पाळीच्या दिवसांत बोर्डिंगच्या मागच्या पायरीवर पोटाशी गुडघे घेऊन दोघी ओवा चघळायचो. मदर म्हणायच्या, वेदना येशूला अर्पण करा. आम्हाला हसू यायचं.

आजचा ओवा कविताच्या आईच्या पदरात बांधलेला. पोर बारा वर्षांची, कोपरखैरण्याची. बाप मार्केटात माथाडी. शनिवारपासून उजव्या ओटीपोटात कळा, उलट्या. घरच्यांनी ठरवलं, पहिली पाळी. बाजूला बसवली. साताऱ्याहून आत्या हिरवी साडी घेऊन हजर. पाळीचा डागसुद्धा नाही! पोर ओकतेय आणि बायका ओटी भरतायत. शिसारी.

आत्या कॉटला टेकून: "पोर शाणी झाली, डाक्टरीनबाय. हितं कशापायी आणली? आमच्या संपतची बायकू हाय ती."

संपत तिचा मुलगा, नववीत आहे.

सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयं ठीक. उजव्याशेजारी काहीतरी सुजलेलं, लांबट. सर्जनसाहेब: "अपेंडिक्स असेल, उद्या बघू." ज्युनियरने तर भर वॉर्डात पोरीला विचारलं, "कुणाबरोबर गेली होतीस का?" हाकललं त्याला. मेला.

मला वाटतं गर्भनळीला पीळ पडलाय. उद्यापर्यंत थांबलं तर नळी मरेल. आजच.

बुध. ५

काल संध्याकाळी पोट उघडलं. अपेंडिक्स स्वच्छ. उजवी नळी ओल्या टॉवेलासारखी पिळलेली, काळी-जांभळी. अंडाशय मात्र गुलाबी.

सर्जन: "नळी-अंडाशय दोन्ही काढून टाका ना मॅडम. डावी बाजू आहे की." जणू शर्टाचं बटण.

पीळ सोडवला. कोमट सलाइनच्या घड्या ठेवून बसून राहिले. टोकाकडे रंग आला. जरासाच. नळी ठेवली. बरोबर केलं, की नुसता हट्ट… ताप चढला तर पुन्हा उघडावं लागेल.

गुरु. ६

ताप नाही.

पॅसेजमध्ये आत्या: "पोरं व्हत्याल का हिला?"

"दोन्ही अंडाशयं शाबूत आहेत. डावी नळी चांगली आहे. उजवीचं आत्ताच सांगता येत नाही."

"म्हंजी निम्मीच की." आत गेली, कॉटवरची साडी उचलली, घडी घालून पिशवीत टाकली. "दुसरीकडं लागंल." तिचा भाऊ, कविताचा बाप, जमिनीकडे बघत उभा. बारा वर्षांच्या मुलीसमोर! अंगावर पाल पडल्यासारखं झालं. घरी आल्यावरही हात धूत होते.

कविता मला हळूच: "आत्या गेली? मग आता मी चहात पाव खाऊ?"

शनि. ८

अजून ताप नाही. उद्यापासून मी रजेवर.

सिस्टर शांताला सांगितलंय. टाके तिनेच काढायचे. डिस्चार्जचा कागद आईच्या हातात, आणि बापाला मोठ्याने वाचून दाखवायचा. आत्याकडचं कुणी आलं तर काही सांगायचं-द्यायचं नाही, चहासुद्धा नाही. ऑपरेशनच्या टिपणाची दुसरी प्रत माझ्या कपाटात, पाकिटावर कविताचं नाव. अठरा पूर्ण झाली की तिलाच. मी नसले तर शांताने द्यावी. सासरच्यांना नाही, नवऱ्यालाही नाही. टिपणाच्या शेवटी लिहिलंय, नळी चालेल की नाही मला आज माहीत नाही.