नववं ताट

मामा, सगळ्यात आधी आली ती जाऊबाईच. रविवारी सकाळी मी ओट्यावर वाल सोलत बसले होते, तर ही पदर खोचून धावत आली. म्हणाली, "अगो, दोन माणसं तुमचं घर विचारतायत. एक जाडा, एक चष्मेवाला. गाडी बघायचीय म्हणे." कुठली माणसं, कशाला बघायचीय, ते काही तिला सांगता येईना. तुम्ही म्हणायचात ना, मोठी सून बातमी आणते पण निम्मी वाटेत सांडून. साठीला आली तरी तशीच आहे. माझ्या आधी तिनंच त्यांना खुर्च्या दिल्या आणि चहा मात्र मला टाकायला लावला. जाडा होता तो तुमची गाडी दुरुस्त करणाऱ्या कॅम्प तीनच्या सिंधी मिस्त्रीचा मुलगा. बाप गेला, आता दुकान तोच बघतो, नाक अगदी बापाचं. चष्मेवाला पुण्याचा, जुन्या परदेशी मोटारसायकली शोधून पहिल्यासारख्या करतो. अंबरनाथला एका घरी गोठ्यात इटलीची गाडी पडून आहे, हे त्याला ह्या जाड्यानंच सांगितलेलं.

बघा म्हटलं मी. सतरा वर्षं मी गाडीवरच्या ताडपत्रीला बोट लावलं नव्हतं. ह्यांना गाडी विकवत नव्हती आणि मला ती बघवत नव्हती. का, ते मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. मामा, मला पक्कं वाटत होतं की तुमचा जीव माझ्यामुळे गेला. म्हणून आज नातीच्या वहीची मधली पानं मागून घेतलीयेत. ती म्हणते, आजी, ऱ्हस्व-दीर्घ मी तपासू का? म्हटलं, पळ. दुसरीतून शाळा सुटलेली मी, लिहायला शिकले ती तुमच्या डालड्याच्या डब्यांवर. तुम्ही खडूनं काढून द्यायचात, मी रंगानं गिरवायची, नट, वायसर, स्प्रिंग. माझ्या हातचं पहिलं जोडाक्षर वायसरच्या डब्याशेजारचं, स्प्रिंगचं. देवाचं नाव त्यानंतर लिहिलं.

तो इटलीचा साहेब तुमच्या कंपनीत मशीन बसवायला आला, तो जहाजातून स्वतःची लाल मोटारसायकल घेऊन. त्याला कावीळ झाली तेव्हा महिनाभर तुम्ही घरची पेज नेलीत, रांधायची मी. जाताना कागदावर सही करून गाडी तुमच्या हवाली केली आणि हातवारे करून सांगितलं, परत येईन. आला काही नाही. गाडी सगळी उलटी, गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. मग एकेक करून तिचे इटलीचे अवयव गळत गेले आणि कॅम्प तीनचे बसत गेले. मिस्त्री म्हणायचा, "काका, इसका पार्ट तो अब इटली में भी नहीं मिलेगा. छोड़ के जाओ, शाम को बना के देता हूँ." आणि द्यायचा हो! आरसे दुसऱ्याच कुठल्या गाडीचे, सीट लांब करून घेतलेली, वर फुलाफुलांचं रेक्झिन. हॉर्न ट्रकचा. तो पहिल्यांदा वाजवलात त्या दिवशी आपल्या म्हशीनं दूध चोरलं आणि सासूबाई तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

सगळ्यात शेवटी माझी जाळी. माझी आई बदलापूरला आजारी, ह्यांची पाळी बदलत नव्हती, आणि मी चुलीपाशी बोलून गेले, सगळ्यांना मागे बसवता, मला कधी? तुम्ही म्हणालात, "लुगडं चाकात जायचं गो बाय. थांब, जाळी करून आणतो." जाऊबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, सासऱ्याच्या मागे बसून जाणार, लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "लोकांनी रिक्षा करावी." जाळी आली ती मधोमध मोर असलेली, मिस्त्रीनं तारा वाकवून केलेला. इटलीच्या गाडीवर मोर! मी चारदा जाऊन हात फिरवून आले.

ती बसवायला डाव्या बाजूचं, ब्रेकचं सगळं उघडावं लागलं. तुमची रीत मला पाठ होती. घरातलं एक ताट घ्यायचं आणि जे जसं निघेल तसं ओळीनं मांडत जायचं, डावीकडून उजवीकडे. बसवताना उजवीकडून सुरुवात. त्या ताटाला पोरांनी हात लावला तर तुम्ही नुसतं बघायचात आणि पोरं रडायची. तर तुमचं ताट गोठ्यापाशी भरलेलं, आणि वन्संना बघायला पाहुणे आले. आठ येणार होते, नऊ आले. घरात ताटं नऊ, त्यातलं एक तुमच्यापाशी. तुम्ही हात धुऊन, शर्ट बदलून पुढे बसलेले. आता नवव्या माणसाला काय केळीच्या पानावर वाढू, म्हणेल आम्हाला कमी लेखलं. मी ते सगळं पेपरावर पालथं केलं, ताट राखेनं आणि काथ्यानं रॉकेलचा वास जाईपर्यंत घासलं आणि वाढलं. पाहुणे गेल्यावर परत घासलं आणि तुमचं सामान परत मांडलं. कसं मांडलं? मोठं आधी, लहान मागून, फळीवर पातेली लावते तसं. मला वाटलं, छान दिसतंय.

तुम्ही येऊन उकिडवे बसता. ताटाकडे बघता, माझ्याकडे बघता. "सूनबाय, ताट कुणी हलवलं?" मी म्हणते, मांजर आली होती. तुम्ही पुन्हा ताटाकडे बघता. "हुशार मांजर गो. उंचीनं लावते." बस, एवढंच. मग उठून घरात जाता आणि आरशाखालच्या फळीपाशी उभे राहता. मला वाटतं, मिशी सारखी करताय. मी भांड्यांत डोकं घालून बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालात, आधी रिकामी बदलापूरपर्यंत फिरवून आणतो, मग तुला नेतो. पेरूच्या झाडापाशी हॉर्न दिलात. तेव्हा चिखलोलीला काय होतं, दोन्हीकडे शेतं आणि करवंदाच्या जाळ्या. तिथल्या वळणावर तुम्ही पडलात. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं सांगितलं, गुरं आडवी आली, काका वाचवायला गेले. सगळ्यांनी मानलं. मीही मानलं, तिसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना बोटाला काही टोचलं. काथ्याच्या चोथ्यात अडकलेली एक पिन, नखाएवढी, दोन पायांची. तेराव्याला मिस्त्री आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखी त्याला दाखवली. "ये तो ब्रेक का पिन है, बहन. ये निकला तो ब्रेक गया." कुठे मिळाली म्हणाला. अंगणात, म्हटलं मी. दुसरं खोटं. पहिलं मांजरीचं.

तेव्हापासून तुमच्या कंपनीचा साडेचारचा भोंगा झाला की तुमच्या गाडीचा आवाज येतो. वळणावर मोठा होतो, पेरूपाशी येऊन थांबतो. दार कोणी वाजवत नाही. पेरू तोडला तरी आवाज तिथेच थांबतो. पहिली वर्षं मी कानात बोटं घालून देवाजवळ बसायची. मग सवय झाली, एक कप चहा जास्त टाकायला लागले. नातवंडं हसतात, आजीला मोजता येत नाही म्हणतात. मीही हसते. पण मामा, सतरा वर्षं रोज मी वाट बघितली की आज तुम्ही आत याल आणि विचाराल, पिन कुठाय?

तर रविवारी. ताडपत्री काढली, सीटमध्ये उंदरांचा संसार. पुण्याचा माणूस गाडीभोवती फिरतो आणि म्हणतो, हे मूळचं नाही, हेही नाही, हे काढावं लागेल. मिस्त्रीचा मुलगा मोरावरची धूळ पुसतोय. शेवटी तो तापलाच, "साहेब, ये मेरे बाप का हाथ है, ज़रा संभाल के बोलो." मला एवढं हसू आलं! मग पुण्याचा डाव्या बाजूला खाली वाकला आणि ओरडला, "आजी, ब्रेकच्या दांड्याला कुणीतरी केसांचा आकडा घातलाय!" मिस्त्रीच्या मुलानं रॉकेलच्या फडक्यानं पुसलं. ग्रीसखाली लाल दोरा. जाऊबाई म्हणते, "अगो, हा तर तुझा!" तिला नाही कळणार तर कुणाला? ती माझे आकडे उचलायची म्हणूनच मी सगळ्यांना लाल दोरा गुंडाळायची. पाच होते, तुम्ही गेलात त्या दिवसापासून चार. मनातल्या मनात मी तिलाच चोर ठरवून मोकळी झाले होते. मुलानं पक्कड लावून ओढून बघितलं. "हिलता भी नहीं, आंटी. जिसने डाला, पक्का डाला. ब्रेक में कुछ खोट नहीं था." सगळे हसत होते. मी चहाचं भांडं घेऊन आत गेले आणि माझे आकडे असायचे त्या आरशाखालच्या फळीला धरून उभी राहिले.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. पिन नाही हेही, आणि मांजर कोण हेही. माझी मान खाली जाऊ नये म्हणून गुपचूप माझा आकडा घेतलात. आणि गुरं खरंच आडवी आली होती. मामा, राग मानू नका, पण त्या दिवशी तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. मी रडले असते, दोघांनी मिळून पिन शोधली असती आणि पुढची सतरा वर्षं माझी मला मिळाली असती. तुमचा चांगुलपणा मला फार महाग पडला.

पुण्याच्याला सांगितलं, आरसे काढा, हॉर्न काढा, सीट इटलीची घाला, पण जाळी आणि आकडा राहील. तो म्हणाला, आजी, आकडा तरी बदलू, गंजलाय, धोका नको. मिस्त्रीचा मुलगाही होकाराची मान हलवत होता. ती जुनी पिन तेव्हा माझ्या कमरेच्या पिशवीत होती, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, आणि मी दिली नाही. गाडी सुरू झाली की पहिली फेरी माझी, मला मागे बसवून चिखलोलीपर्यंत, असं म्हणतायत. जाऊबाई लगेच म्हणाली, ह्या वयात, लोक काय म्हणतील? रिक्षा करा म्हटलं.

एक सांगायचं राहिलं. सोमवारी भोंगा झाला आणि आवाज आला नाही. मंगळवारीही नाही. सुटले म्हणून पेढे वाटायला हवेत, आणि मी जास्तीचा कप समोर घेऊन रस्त्याकडे बघत बसले. चहावर साय धरली. हा कागद कुठे टाकायचा, तुमचा पत्ता कोणाकडे आहे? पिनेसकट स्प्रिंगच्या डब्यात ठेवते. पिन देईन त्या दोघांना, बसवताना. तोपर्यंत राहू दे माझ्याजवळ.

मांजर नव्हती, मामा. मीच होते.

ते दोघं गाडीच्या कामाला गुरुवारी येतो म्हणालेत.