आप्पांची मोटर आणि चतुर्दशी

३० ऑगस्ट, आष्टा
बीएस्सीच्या वर्गाला आज कायनेज शिकवलं. पेशीला 'जग, वाढ' असा निरोप पोचवणारं एन्झाइम. निरोप थांबला की पेशी मरते. माझ्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या रक्तात तो थांबतच नाही. रक्ताचा कॅन्सर. म्हणून रोजची एक गोळी. ती कायनेजच्या खाचेत बसून त्याचं तोंड बंद ठेवते. हे वर्गात सांगितलं नाही. मागच्या बाकांवर डुलक्या चालू होत्या.

४ सप्टें.
आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व. आप्पांचे एक दिवसाआड कडक उपवास, श्रावणापासून. चेहऱ्यावर तेज आलंय, असं बस्तीतल्या, म्हणजे आमच्या मंदिरातल्या, बायका म्हणतात. मला पांढराफटक दिसतो.

८ सप्टें.
पर्व संपलं. कपाट आवरताना आप्पांच्या गोळ्या सापडल्या. निम्म्या तशाच.
"आप्पा, हे काय?"
"डागदरच म्हनला, उपाशीपोटी घ्यायची न्हाई. मग उपासाला कशी घ्यायची?"
डॉक्टरचा नियम पाळला, व्रताचा पाळला. गोळी तेवढी राहिली. वर म्हणाले, "तूच म्हनलीस न्हवं, मोटर बंद झाली?"
म्हटलं होतं, गोळीनं पेशी आटोक्यात आल्या तेव्हा. त्यांना कळावं म्हणून. स्टार्टर बिघडलाय, मोटर आपोआप चालू होते, गोळी म्हणजे बंदच्या बटणावर दाबून धरलेलं बोट. 'मोटर बंद' एवढंच त्यांनी धरलं, बोट सोडून दिलं. राग आला. निम्मा त्यांचा, निम्मा माझा.

११ सप्टें., सांगली
पांढऱ्या पेशी वाढल्यात. डॉ. शांतपणे म्हणाले, "खंड पडला की कधीकधी कायनेजचा आकार बदललेल्या पेशी वर येतात. मग ही गोळी त्यात बसत नाही." तसं झालंय का, ते बघायला रक्त पुढं पाठवलं.
येताना एसटीत आप्पा खिडकीतून लोकांचा ऊस बघत होते. "तोडीला लय अवकाश हाय अजून," म्हणाले. मी हो म्हटलं.

१५ सप्टें.
गोळी आता रोज, जेवण झाल्यावर, माझ्यासमोर. पण शनिवारी चतुर्दशी. कळायला लागल्यापासून आप्पांना त्या दिवशी अन्न नाही. चातुर्मासाला आलेल्या महाराजांना विचारायला गेलो. ते एवढंच म्हणाले, शरीर टिकलं तर व्रत टिकेल.
आप्पांनी हात जोडले. घराच्या दारात आल्यावर बोलले, "न्हाई जमायचं गं मला."
भीती वाटते.

२० सप्टें., चतुर्दशी
दिवस मावळायच्या आत ताट वाढलं. येतील असं वाटलं नव्हतं. आले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पहिला घास हातातच. मी उगाच मीठ आणायला आत गेले.
तेवढ्यात फोनवर मेसेज वाजला.
"कुनाचा गं?"
"लॅबचा. रिपोर्ट आलाय. उघडू?"
"थांब. जेवतो, गोळी घेतो. मग वाच."
घास तोंडात गेला. फार सावकाश चावतायत. मी फोन पालथा ठेवलाय आणि शेजारी बसून हे लिहितेय.